मास्क शिकवा, मग प्रवाळ दाखवा

महोदय,

कालच्या पर्यटन पुरवणीत मालवणच्या स्नॉर्केलिंगवरील (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत तळ पाहणे) लेखासोबत छापलेले छायाचित्र पाहून वाईट वाटले. छातीभर पाण्यात पर्यटक हात उंचावून उभा आहे आणि त्याच्या पायाखाली प्रवाळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतो. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत बसतो. पोराइटीससारख्या दगडी प्रवाळाचा गोटा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. असे चित्र छापले की पुढचा प्रत्येक जण तशीच पोझ मागतो.

पर्यटक मुद्दाम प्रवाळावर उभा राहत नाही. मास्कमध्ये पाणी शिरते, तो घाबरतो आणि पाय टेकतो. रबरी कडेखाली केस किंवा मिशी आली की मास्क गळतो. मग पट्टा आणखी आवळतात, त्याने कड मुडपते आणि गळती वाढते. पर्यटकाला खडकाकडे नेण्याआधी होडीवाल्यांनी किनाऱ्यालगत वाळूवर, कमरेएवढ्या पाण्यात पंधरा मिनिटे सराव घ्यावा. काचेला आतून थुंकी चोळून मास्क खंगाळायचा, म्हणजे वाफ धरत नाही. पाणी शिरलेच तर वरची कड कपाळावर दाबून नाकाने जोरात श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जाते. नळीत आलेले पाणी फुंकरीने उडवायचे. एवढे जमले की माणूस अर्धा तास निवांत तरंगतो. न शिकवता उतरवलेला पाच मिनिटांत खारे पाणी पिऊन होडीला लटकतो, आणि पैसे फुकट गेले म्हणतो. त्याचे म्हणणे खरेच असते.

भरती-ओहोटीबद्दल लेखात एक ओळ नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोराची, गाळ उठलेला, समोरचे दिसत नाही. अष्टमी-दशमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, पाणी निवळते. त्यातही पूर्ण भरतीच्या आधीचा तास उत्तम. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडकावर पाणी इतके कमी उरते की तरंगणाऱ्याचेही गुडघे घासतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे ‘रोज सकाळी नऊची बॅच’ ही पद्धतच चुकीची आहे.

होड्यांचा नांगर हे तिसरे दुखणे. दोर आखूड सोडला की नांगर धरत नाही आणि खडकावरून फरफटतो. त्याऐवजी वाळूच्या पट्ट्यात काँक्रीटचा ठोकळा टाकून कायमचा बोया, म्हणजे होडी बांधायचा तरंगा, ठेवावा. दोराच्या मध्यावर छोटा तरंगा हवाच, नाहीतर ओहोटीला सैल झालेला दोर तळावर गोल फिरून सगळे खरवडतो. शॅकलची (दोर जोडणाऱ्या लोखंडी कडीची) खीळ तारेने बांधावी आणि पावसाळ्याआधी दोर-बोया उचलून झीज तपासावी.

पावाचा चुरा टाकून मासे जमवण्याचे आपल्या प्रतिनिधीने कौतुक केले आहे, तेही खटकले. खडकावरचे शेवाळ चरणारे मासे पावाच्या नादी लागले तर ते शेवाळ प्रवाळावर चढते. मासे पाहायला पाव लागत नाही. स्वच्छ पाणी आणि न घाबरलेला माणूस पुरतो.

लेखाखाली आपण दरांची चौकट दिली आहे. पुढच्या वेळी त्याच चौकटीत त्या आठवड्याच्या मालवणच्या भरतीच्या वेळाही द्याव्यात, आणि ते छायाचित्र संकेतस्थळावरून काढावे, ही विनंती.

— एक वाचक, मालवण