सोडियमच्या दोन रेषा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तू हसत हसत म्हणालास की, आठवड्याला सोळा तास शिकवायचे, उन्हाळ्याची सुट्टी घ्यायची आणि वर दमलो म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायचा, ही चैन आम्हा बँकवाल्यांना परवडणारी नाही. मीही हसलो आणि विषय बदलला. परंतु ते काही उत्तर नव्हते, म्हणून हे पत्र.

तुझा आकडा बरोबर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापनाचे सोळा तास आहेत, माझ्यासारख्या सहयोगी प्राध्यापकाला तर चौदाच. एकूण कामाचे तास मात्र चाळीस. उरलेला वेळ वाचनात आणि प्रयोगांच्या तयारीत जावा, अशी १९९९ मध्ये रुजू झालो तेव्हा माझी समजूत होती, आणि काही वर्षे तो तसा गेलाही. आता तो नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायलींत जातो. दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल, प्रत्येक विषयाची निष्पत्ती टक्केवारीत दाखवणारे तक्ते, कोणत्याही कार्यक्रमाचे स्थळ-वेळ छापून आलेले जिओटॅग फोटो. आणि २०२४ पासून संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आल्यावर मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्ये), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) यांचे असे वेळापत्रक, की ते जुळवताना विभागप्रमुख रडकुंडीला येतात. मे महिन्यात आम्ही गावोगावी फिरून पालकांना प्रवेशासाठी विनवतो, कारण पट घसरला की वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, घसरतो आणि मग कोणीतरी अतिरिक्त ठरतो. तुझ्या डोळ्यांसमोर असलेली ती उन्हाळ्याची सुट्टी अशी जाते. तास घेऊन आलो की मला भूक लागते, अहवाल भरून उठलो की जेवण नको वाटते. यापेक्षा नेमके मला सांगता येत नाही.

आमच्या मानसशास्त्राच्या बाईंनी स्टाफरूममध्ये एकदा एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग सांगितला होता. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली, त्यांतल्या काहींना मध्यंतरी त्याचे पैसे दिले आणि मग ते बंद केले. पुढे मोकळ्या वेळेत पैसे मिळालेल्यांनी ती कोडी कमी हाताळली. ऐकताना मला २०१० साल आठवले. त्या वर्षी पदोन्नतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या निर्देशांकाचे, गुण आले आणि शोधनिबंध, चर्चासत्र, व्याख्यान अशा प्रत्येक गोष्टीला किंमत चिकटली. तुला आजवर सांगितले नाही ते आज सांगतो: माझे दोन निबंध मी पैसे भरून छापून घेतले आहेत. कोणी तपासले नाहीत, कोणी वाचले नाहीत, आणि गुण मात्र पूर्ण मिळाले. त्यानंतर खरोखरचा प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत बसण्याची इच्छा जी गेली ती परत आली नाही. दोष नियमाचा होता हे खरे, पण पैसे मीच भरले होते.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, तीन अंगे सांगितली आहेत: गळून जाणे, माणसांपासून तुटत जाणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. पहिले मला फार पूर्वीपासून ठाऊक होते. दुसरे माझ्यात शिरले आहे, हे गेल्या महिन्यात कळले.

तृतीय वर्षाचे भौतिकशास्त्राचे प्रॅक्टिकल होते. अंधाऱ्या खोलीत स्पेक्ट्रोमीटरवर प्रकाशाचे रंग वेगळे करणारे ग्रेटिंग लावलेले, सोडियमचा दिवा पेटलेला. वाडीवरून एसटीने येणारी, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी दुसऱ्या क्रमाच्या वर्णपटात बघत म्हणाली, “सर, पिवळी रेघ एकच सांगितली होती, इथं दोन दिसताहेत.” सुहास, कोल्हापूरला एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत ५८९० आणि ५८९६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या त्याच दोन रेषा प्रथम वेगळ्या दिसल्या, तेव्हा आपण मेसची वेळ विसरलो होतो, आठवते? मी त्या मुलीला म्हणालो, “ते अभ्यासक्रमात पुढं आहे,” आणि फोटो काढायचा राहिला होता म्हणून खोलीतल्या ट्यूबलाइट लावल्या. रेषा दिसेनाशा झाल्या. फोटो उत्तम आला. त्याच रात्री अर्ज लिहिला.

तू म्हणशील, पगार वेळेवर, नेमणूक २००५ च्या आधीची म्हणून जुनी पेन्शन, मग तक्रार कसली? ही टोचणी मलाही आहे. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर एक तरुण सहकारी आहेत. नेट आणि पीएच.डी. दोन्ही झालेले. दोन गावांच्या दोन महाविद्यालयांत मोटारसायकलवरून धावतात, मानधन महिनोन्‌महिने थकते, सुट्टीत एक रुपया मिळत नाही आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्यांच्यासमोर थकव्याचा शब्द काढायला जीभ रेटत नाही. मी गेलो तर माझी जागा त्यांना मिळेल, असा उदात्त विचारही करून पाहिला. पण रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत हे माहीत असल्याने तो फार वेळ टिकला नाही.

परवा गुरुवारी त्या मुलीला प्रॅक्टिकलनंतर थांबवून घेतले. दिवा पुन्हा लावला, खोली अंधारी केली. तिची साडेपाचची एसटी होती, त्यामुळे जेमतेम वीस मिनिटे मिळाली. इलेक्ट्रॉनच्या स्पिनपर्यंत पोहोचलो, त्याने ऊर्जापातळी दुभंगते कशी ते सांगायचे राहिले. पुढच्या गुरुवारी येते म्हणाली. त्या वीस मिनिटांची नोंद कोणत्याही तक्त्यात केलेली नाही. अर्ज अजून खणातच आहे.

दिवाळीत येशील तेव्हा दोन दिवस काढून ये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश