ग्रॅबरची जमीन

संत्या,

मी बराय, गुडघा तसाच. हे फक्त तुलाच लिहितोय, बाकीचे म्हणतील घर मिळतंय तर घे की.

इथे आयर्लंडात, कॅसलबार गावाच्या बाहेर एक घर पसंत पडलंय, मागे अर्धा एकर जागा, हिलाही आवडलंय. परवा शेजारचे म्हातारबाबा चहाला आले नि हळूच म्हणाले, ती होय, ती ग्रॅबरची जमीन. म्हणजे खंड थकला म्हणून जमीनदाराने ज्यांना हाकललं त्यांची जमीन ज्याने स्वतःकडे घेतली तो. 1880 च्या आसपासची गोष्ट रे! मे आणि नोव्हेंबरात खंड भरायचा, पीक बुडालं की शेरीफ, पोलीस नि लोखंडी पहारी घेतलेली माणसं दारात, छप्परच पाडायचे, माणसं परत शिरायला नकोत म्हणून. मायकेल डेव्हिट इथल्याच स्ट्रेडचा, 1850 मध्ये घरातून काढलं तेव्हा चार वर्षांचा होता, पुढे इंग्लंडात गिरणीत अकराव्या वर्षी उजवा हात गेला. त्यानेच ऑगस्ट 1879 ला या कॅसलबारमध्ये मेयो जिल्ह्याची लँड लीग, म्हणजे कुळांची संघटना, उभी केली, ऑक्टोबरात डब्लिनला ती देशभरची झाली, आयरिश पुढारी पार्नेल अध्यक्ष. हाकललेल्याची जमीन कुणी घ्यायची नाही, घेतली तर त्याच्याशी दुकानात, रस्त्यात, चर्चमध्येसुद्धा बोलायचं नाही असं ठरलं. 1903 च्या कायद्याने कुळं मालक झाली, साडेअडुसष्ट वर्षांचे हप्ते, पण या घराचं ते नाव सुटलं नाही. विकणाऱ्यांचा यात काय दोष, त्या पणज्याला त्यांनी पाहिलंही नाही. पण ज्यांना काढलं त्यांचं आडनाव म्हातारबाबांना पाठ आहे, बोस्टनला गेले म्हणे.

चरीच्या संपात, खोतांविरुद्धच्या त्या कुळांच्या संपात, तुझ्या आजोबांनी सहा वर्षं शेत पडीक ठेवलं, माझे आजोबा खोत, ओटीवर बसून खंडाचं भात मोजून घ्यायचे, यावरून अलिबाग स्टँडवर तू केवढा भांडला होतास, माझा वडापावपण खाल्लास! मी म्हणालो होतो, आजोबांचं मला काय सांगतोस. तेच वाक्य परवा तोंडाशी आलं पण बोलवेना. आमच्या घराण्याने पुन्हा एकदा कुणाच्या तरी सुटलेल्या जमिनीवर जाऊन बसायचं का, हेच डोक्यातून जात नाही. ही म्हणते दीडशे वर्षं झाली, आता कुणाचं काय. मला तसं वाटत नाही, इथे लोक ते विसरलेले नाहीत, आपल्याकडे तरी कोण विसरलंय?

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पिंकीला दहावीला शुभेच्छा सांग.

आणि काकांना विचार, खोताच्या नातवाने अशी जागा घेतली तर ते माझ्याकडे राहायला येतील का. खरंखुरं काय म्हणतात तेच कळव, गोड करून नको. शुक्रवारी एजंटला हो-नाही सांगायचंय.

तुझा,
बंड्या