बाटलीवर चेहरा आहे, सातबारा कुठे?

मा. कृषिमंत्री,
दक्षिण आफ्रिका सरकार, प्रिटोरिया

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची. घरी द्राक्षबाग आहे आणि नोकरी एका वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये. तुमच्या कारभारात मी का नाक खुपसावं? तर तुमचं वाइनचं गाव स्टेलनबॉश वसवणाऱ्या सिमॉन फान डर स्टेलची आजी 'गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका' म्हणून ओळखली जाते, आणि केपच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांमध्ये बंगाल-मलबारहून नेलेली माणसंही होती. एवढं नातं पत्र लिहायला पुरावं.

तुमच्याकडच्या वाइनच्या जाहिरातींत हल्ली कृष्णवर्णीय बाई दिसते. हातात ग्लास, मागे डोंगर. बघून बरं वाटतं, पण मागची बाग कुणाची हा प्रश्न काही जात नाही.

न्त्सिकी बियेला यांचंच घ्या. क्वाझुलु-नाताळमधल्या खेड्यातली मुलगी, शाळेनंतर घरकामाला लागलेली. साउथ आफ्रिकन एअरवेज या विमान कंपनीची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून 1999 मध्ये वाइनचं शिक्षण घ्यायला स्टेलनबॉशला पोचली. तोवर वाइन चाखलेली नव्हती, आणि वर्गात शिकवायचे ते आफ्रिकान्स भाषेत. 2004 मध्ये त्या वाइनमेकर झाल्या, 2009 मध्ये देशातल्या सर्वोत्तम महिला वाइनमेकर ठरल्या. पुढे आजीच्या नावाने त्यांनी 'अस्लिना' ही स्वतःची वाइन काढली, पण दुसऱ्यांच्या बागेतली द्राक्षं घेऊन आणि दुसऱ्याच्या वाइनरीत जागा भाड्याने घेऊन. त्यांच्याआधीच्या कार्मेन स्टीव्हन्स यांना तर वर्णभेदाच्या काळात वाइनचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात प्रवेशच मिळत नव्हता. त्यांची स्वतःची वाइनरी उभी राहायला 2019 उजाडलं.

भाड्याच्या टाक्यांचं दुखणं नाशिककरांना सांगायला नको. ऐन हंगामात मालकाचा माल आधी आत जातो, भाडेकरू थांबतो. द्राक्ष मात्र थांबत नाही. वेलीवर साखर चढत राहते आणि हवी होती ती वाइन हातची जाते. शिवाय स्वतःची जागा नाही म्हणजे टेस्टिंग रूम नाही, आणि गिऱ्हाइकाला थेट विकलेल्या बाटलीतच तर चार पैसे सुटतात. बाकी दुकानदार आणि आयातदार घेऊन जातात.

आणि तुमच्या मळ्यांतल्या बायकांचं वाइनशी नातं ग्लासातून सुरूच झालेलं नाही. 'डॉप' पद्धतीत मजुरीचा काही भाग दारूतच चुकता व्हायचा, दिवसातून अनेकदा, तीही हलक्या प्रतीची. कायद्याने बंदी आल्यावरही ती बरीच वर्षं रेंगाळली. गरोदरपणातल्या दारूने बाधित जन्मलेल्या मुलांचं प्रमाण वेस्टर्न केपमध्ये आजही जगात सर्वाधिक प्रमाणांत गणलं जातं. अशा घरातल्या मुलीला 'या, टेस्टिंगला बसा' म्हणणं पुरेसं आहे, असं मानणाऱ्यांनी एकदा तिच्या आईला विचारावं. द डूर्न्स या द्राक्षांच्या गावात 2012 च्या शेवटी द्राक्षमजूर रस्त्यावर आले, तेव्हा कुठे दिवसाची किमान मजुरी 69 रँडवरून 105 वर गेली.

आता मागणी. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी म्हणून सरकारने विकत घेतलेल्या बऱ्याच जमिनी आजही भाडेपट्ट्यावर आहेत. मालकीचा कागद नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. वेल लावली की पहिलं धड पीक तिसऱ्या वर्षी. तोवर औषधं, तारा, पाणी सगळं खिशातून. म्हणून द्राक्षपट्ट्यातल्या या जमिनी पट्टेदाराच्या नावावर करा. जमीन सुधारणेचं खातं आता वेगळं आहे हे ठाऊक आहे. मग दोन्ही मंत्र्यांनी एका टेबलाशी बसावं. आणि कागदावर बाईचं नाव तिच्या स्वतःच्या हक्काने चढू द्या. मळ्यावरचं घर नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की छप्परही जातं.

दुसरं, लहान लेबलांसाठी सामायिक वाइनरी उभारा, जिथे टाकीची पाळी आधी ठरलेली असेल. पुढचा हंगाम जानेवारीच्या सुमारास सुरू होईल. पाळ्या त्याआधी लागायला हव्यात.

आपली,
नाशिकची एक द्राक्ष बागायतदार