फोन मध्येच ठेवायला शिका, बाबा

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री बोलताना आई सहज म्हणून गेली, "यांना मंगळवारी इन्कम टॅक्समधून फोन आला होता," आणि बाबा, तुम्ही लगेच विषय बदललात. नंतर आईकडून सगळं कळलं. आयकर अधिकाऱ्याचं सोंग घेतलेला तो माणूस पाऊण तास बोलत होता. तुम्ही खोलीचं दार लावून घेतलं होतंत आणि आईनं हाक मारली तर "थांब जरा, महत्त्वाचं आहे" एवढंच म्हणालात. फोन अचानक बंद पडला म्हणून पैसे वाचले. पण तुम्ही तेवढा वेळ एकट्यानं घाबरत बसला होतात आणि पुढे चार दिवस मला काही बोलला नाहीत, हे मनातून जात नाही. फोनवर पुन्हा विषय बदलाल, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते. तुम्ही भोळेपणा केलात असं मला अजिबात वाटत नाही. हा फोन तुमच्यासारख्यांनाच लागू पडतो. ज्यानं कर कधी मनावर घेतलाच नाही, त्याला "तुमच्या विवरणपत्रात तफावत आहे" या वाक्यानं काय फरक पडणार? पण तुम्ही प्रत्येक वर्षाची फाइल वेगळी लावता, व्याजाचे लहानसहान आकडेही सोडत नाही. तुमच्या मनात पहिलं येणार ते हेच, की आपल्याकडून काही राहून गेलं असेल का? त्या एका शंकेवर या लोकांचा सगळा धंदा चालतो.

धंदा म्हणते ते उगाच नाही. 2016च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा 700हून जास्त लोक ताब्यात घेतले होते. तिथली मुलं रात्रभर अमेरिकेत फोन करायची आणि आपण तिथल्या कर खात्याचे अधिकारी आहोत असं सांगायची. काय बोलायचं ते आधीच लिहून दिलेलं असायचं. खोटं नाव, मग थकबाकीचा आकडा, मग "पोलिस तुमच्या घराकडे निघालेत", आणि शेवटी आत्ताच पैसे भरा. अमेरिकेतल्या खटल्यात अशा फोनना फसलेल्यांचा आकडा हजारोंमध्ये निघाला आणि 2018मध्ये तिथल्या न्यायालयानं काहींना 20 वर्षांपर्यंत शिक्षा ठोठावल्या. फसलेल्यांत शिकलेली, व्यवहारी माणसंही होती. बाबा, मंगळवारी तुमच्याशी बोलणारा माणूसही असाच ठरलेलं बोलत होता. तुमचं वय, तुमचा आवाज कापणं, "साहेब, मी बघतो हो कागदपत्रं" हे तुमचं म्हणणं, या प्रत्येकाला त्याच्याकडे उत्तर तयार असणार.

"त्याला माझा पॅन नंबर माहीत होता," असं तुम्ही आईला म्हणालात. त्यानंच तुमचा विश्वास बसला ना? पण पॅनच्या झेरॉक्स आपण आजवर किती ठिकाणी दिल्या असतील! पॅन, जन्मतारीख, पत्ता ही माहिती बाहेर फिरत असते. ती कुणाजवळ असली म्हणून तो अधिकारी होत नाही. स्क्रीनवर दिसणारा नंबर आणि व्हॉट्सॲपवरचं अशोकस्तंभाचं चित्र यांचंही तेच. दोन्ही खोटी लावता येतात.

आता खरं खातं कसं वागतं ते सांगते. आयकर विभागाकडून एसएमएस येतात, ईमेल येतात, हे खरं आहे. पण पिन, पासवर्ड, ओटीपी किंवा कार्डाचा तपशील विभाग कधीही मागत नाही. 1 ऑक्टोबर 2019पासून विभागाच्या नोटिशींवर आणि आदेशांवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतःचा ओळख क्रमांक, घालायचा नियम आहे. ई-फायलिंग पोर्टलवर नोटीस खरी आहे की नाही ते तपासायची सोय पहिल्याच पानावर आहे, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. आणि समजा, खरोखरच कर निघाला. तरी आधी लेखी मागणी येते, भरायला साधारण 30 दिवसांची मुदत असते, पटलं नाही तर अपील करता येतं. फोनवर अर्ध्या तासात मिटवायचं असं कोणतंही कर प्रकरण नसतं. व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" असं कुणी म्हणालं, तर तसली अटक आपल्या कायद्यातच नाही. कर एखाद्या माणसाच्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर भरायचा नसतो, हे तर तुम्हीच मला शिकवलंत.

आई, हे तुझ्यासाठी. तुला धमकी देणार नाहीत, गोड बोलतील. "तुमचा रिफंड मंजूर झालाय, खाली दिलेल्या लिंकवर खातं नोंदवा." रिफंड पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यात आपोआप येतो, त्यासाठी लिंक उघडावी लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. वेबसाइटचं नाव शेवटाकडून वाचत जा. शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असायला हवं. मध्येच कुठेतरी इन्कमटॅक्स आणि गव्ह लिहून शेवटी दुसरंच काही असेल तर ती साइट चोरांची. आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, नाव काहीही असो, उघडायची नाही. ती मोबाइलमध्ये शिरली की तुझे ओटीपी परस्पर वाचले जाऊ शकतात.

एवढं सगळं लक्षात ठेवणं कठीण आहे, मला कळतं. मग एकच खूण धरा. "घरात कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका" असं जो म्हणेल, तो चोर. खऱ्या अधिकाऱ्याला तुम्ही बायकोशी, मुलीशी किंवा सीएशी बोललात तर काहीही अडत नाही. बाबा, समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ द्यावं ही शिस्त तुम्ही आम्हाला लावलीत आणि तुम्ही स्वतः कुणाचाही फोन मध्येच ठेवत नाही. या एका बाबतीत ठेवा. "पोर्टलवर बघतो" म्हणा आणि ठेवून द्या. तेवढंही म्हणायची गरज नाही खरं तर.

चुकून पैसे गेलेच, तर क्षणभरही न थांबता 1930वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करायचा. लाजत, कुणाला सांगू की नको करत बसायचं नाही. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात भराभर हलवतात. तो कुठल्यातरी खात्यात असेतोवर तक्रार पोचली तर बँका तो तिथेच गोठवू शकतात. रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक एवढं हाताशी ठेवा, आपल्या बँकेलाही लगेच कळवा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार भरू. त्यांचे मेसेज रागानं पुसून टाकू नका, तोच पुरावा असतो. आणि नंतर कुणी "सायबर पोलिसातून बोलतोय, पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" म्हणालं, तर तीही फसवणूकच. एकदा फसलेल्यांच्या याद्या हे लोक पुन्हा वापरतात.

पैसे गेले नसले तरी तक्रार करायची असते. "काही झालं नाही ना, सोडून दे," हे तुमचं कालचं वाक्य मला पटलं नाही. त्या नंबरवरून पुढचा फोन कुणाला तरी लागणारच आहे आणि त्या घरात दार वाजवायला कुणी असेलच असं नाही. अशा फोनसाठी दूरसंचार विभागानं मार्च 2024मध्ये आपल्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर 'चक्षू' ही तक्रारीची सोय सुरू केली आहे. नंबर, तारीख, वेळ आणि तो काय म्हणाला एवढं भरायचं.

आई म्हणाली, तो नंबर तिनं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलाय. ते पान जपून ठेवा. उद्या संध्याकाळी सातला मी व्हिडिओ कॉल करते, आपण तिघं मिळून फॉर्म भरू. मध्ये बाबांच्या मोबाइलवर एक ओटीपी येईल. तो मलासुद्धा सांगायचा नाही, बाबा, तुम्ही स्वतःच टाका.

तुमची लेक