विषय : डेटाबेसच्या नव्या आवृत्तीनंतर जुन्या काउंटरचे लॉगिन बंद पडल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

वागळे इस्टेट, ठाणे येथील आमच्या सुट्या भागांच्या गोदामात आपले स्टॉक व बिलिंगचे सॉफ्टवेअर वापरले जाते आणि त्याचा वार्षिक देखभाल करार चालू आहे. आपल्या इंजिनिअरने नुकताच सर्व्हरवरील पोस्टग्रेस डेटाबेस ९.६ वरून १४ या आवृत्तीवर नेला. तेव्हापासून माल आवक-जावकीचे जुने काउंटर ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ (ही पडताळणी पद्धत चालत नाही) एवढाच संदेश दाखवतात. कार्यालयातील नवे संगणक मात्र सुरळीत चालतात.

यंत्रे जुनी आहेत, ती बदला, हे आपल्या हेल्पडेस्कचे उत्तर आम्हाला मान्य नाही. पासवर्ड पडताळणीची स्क्रॅम पद्धत पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत आली आणि २०२१ च्या चौदाव्या आवृत्तीपासून नवा पासवर्ड मुळातच त्या स्वरूपात साठवला जाऊ लागला. जुन्या काउंटरवरचा ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडणी करणारा प्रोग्रॅम, जो आपणच बसवून दिला, त्याआधीचा असल्याने त्याला फक्त एमडी५ ही जुनी पद्धत कळते. तरीसुद्धा निव्वळ अपग्रेडने काउंटर बंद पडायला नको होते, कारण आधी साठवलेले एमडी५ पासवर्ड अपग्रेडनंतर तसेच राहतात. काम संपवताना आपल्या इंजिनिअरने सर्व खात्यांचे पासवर्ड नव्याने टाकले, म्हणून ते स्क्रॅममध्ये गेले.

स्क्रॅम अधिक सुरक्षित आहे याबद्दल वाद नाही. परंतु सर्व्हरच्या प्रवेश-नियमात ‘एमडी५’ लिहिले, तरी ज्या खात्याचा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवला आहे त्याची पडताळणी स्क्रॅमनेच होते. म्हणजे दोन्ही प्रकारचे काउंटर चालू ठेवून एकेक ड्रायव्हर बदलत नेण्याची सोय पोस्टग्रेसनेच करून ठेवली आहे. ती आपल्या तंत्रज्ञांना ठाऊक नसेल, असे मानणे आम्हाला कठीण जाते.

तरी जुन्या काउंटरची खाती, तीही गोदामाच्या अंतर्गत नेटवर्कपुरतीच, तात्काळ एमडी५ वर आणावीत. स्क्रॅम जाणणारा ड्रायव्हर वेगळे शुल्क न आकारता करारातच द्यावा आणि तो सर्वत्र बसताच ही सवलत बंद करावी. पुढील प्रत्येक अपग्रेडपूर्वी काउंटरवरील सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्त्या चालणार नाहीत, हे लेखी कळवावे. सध्या चलने हाताने लिहून संध्याकाळी कार्यालयात पुन्हा भरावी लागतात, त्या काळाचे देखभाल शुल्क पुढील बिलातून वजा करावे.

कळावे,
आपला विश्वासू,
गोदाम व्यवस्थापक