‘पूर्ण तपासलेली’ रायफल आणि दीड वर्षापूर्वी मुदत संपलेला सिलिंडर

कोल्हापूर
दि. २६ मे २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा, वापरलेल्या क्रीडा रायफली विभाग

विषय : १० मीटर एअर रायफलीबद्दल विक्रीच्या वेळी दिलेली चुकीची माहिती, रक्कम परत किंवा दुरुस्तीचा खर्च मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ९ मे २०२५ चे बिल, रक्कम ₹ १,४५,०००.

महोदय,

बिलातली जर्मन बनावटीची मॅच एअर रायफल १४ मे रोजी मिळाली. जाहिरातीत आपण चार गोष्टी छापल्या होत्या : ‘पूर्ण तपासलेली’, ‘सर्व्हिस केलेली’, ‘फक्त १०,००० शॉट’ आणि ‘थेट स्पर्धेला नेण्याजोगी’. या चारपैकी एकही टिकत नाही. ‘वस्तू पसंत पडली नाही म्हणून परत करताय’ असे उत्तर येऊ नये, म्हणून प्रत्येक मुद्दा आकड्यांसह मांडतो आहे. आपल्या तंत्रज्ञाने हेच मोजमाप करून पाहावे. साबणाचे पाणी, पेलेटचा (छर्‍याचा) वेग मोजणारा एक क्रोनोग्राफ, रायफल घट्ट पकडणारा एक शिकंजा आणि एक रात्र, एवढेच साहित्य लागते.

सुरुवात दाबलेल्या हवेच्या सिलिंडरपासून, कारण वापरलेली रायफल हातात घेतल्यावर पहिली नजर तिथेच जायला हवी. नळीखालच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष कोरलेले आहे : ०९/२०१३. निर्मात्याने त्याला दिलेले आयुष्य दहा वर्षांचे. म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये तो बाद झाला आणि आपण तो मे २०२५ मध्ये २०० बार भरून वापरायला दिला. २०० बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण २०० किलोंचा भार, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या नव्वदपट. भरणे आणि रिकामे होणे यांच्या हजारो फेऱ्यांनी धातू थकतो आणि तो थकवा वरून दिसत नाही. सिलिंडर नव्यासारखा चकाकतो आहे, हे आपल्या प्रतिनिधीचे फोनवरचे उत्तर म्हणूनच बिनकामाचे आहे. शिवाय आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी खुद्द नेमबाजावर असते. अशी रायफल घेऊन पोर स्पर्धेला गेले, तर साहित्य तपासणीच्या टेबलावरूनच परत फिरेल. ‘थेट स्पर्धेला नेण्याजोगी’ हे शब्द छापण्यापूर्वी कोणी सिलिंडर उलटा करून तारीख वाचली असती, तर या पत्रातला निम्मा मजकूर लिहावा लागला नसता.

दुसरी गोष्ट गळती. संध्याकाळी सहाला, खोलीत ३० अंश असताना, दाबमापकाचा काटा बरोबर २०० बारवर होता. सकाळी सहाला २७ अंशांवर तो १७१ वर आला. थंडाव्याने दाब थोडा उतरतोच, पण तीन अंशांच्या फरकाने दोन बार जातील, एकोणतीस नव्हे. मग सिलिंडर काढून वेगळा ठेवला : दोन दिवस काटा हलला नाही. म्हणजे सिलिंडरची झडप ठीक आहे आणि हवा रायफलीकडून जाते. सिलिंडर आणि रायफल यांच्या जोडाच्या कडेला साबणाचे पाणी लावताच बारीक बुडबुड्यांची माळ दिसली. जोडातली ओ-रिंग (हवा अडवणारी गोल रिंग) चपटी होऊन तिला एका बाजूला चीर गेली आहे. ही रिंग किरकोळ किमतीची असते. मात्र ती उच्च दाबाची, ९० शोअर कठीणपणाची लागते. नळाच्या दुकानातली मऊ रिंग पहिल्या भरणीतच फाटते. ‘सर्व्हिस केलेली’ रायफल म्हणजे निदान जोडाची रिंग बदललेली, एवढी अपेक्षा जास्त नसावी.

त्याच जोडात पिवळे साधे ग्रीस भरलेले सापडले. या गोष्टीचा मला सर्वांत जास्त राग आहे. उच्च दाबाच्या हवेत खनिज तेल किंवा ग्रीस गेले, की भरताना हवा झपाट्याने दाबली जाऊन तापते आणि ते पेट घेऊ शकते. म्हणून तिथे फक्त सिलिकॉन ग्रीस वापरतात, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतके. हे काम आपल्या कार्यशाळेत झाले असेल, तर तिथल्या बाकीच्या रायफलीही एकदा उघडून पाहाव्यात.

तिसरी आणि खरी महागडी गोष्ट रेग्युलेटर. २०० बारचा दाब उतरवून प्रत्येक शॉटला सारखीच हवा देणे हे त्याचे काम. मॅच रायफलीची अर्धी किंमत या सारखेपणाची असते. ०.५३ ग्रॅमच्या एकाच डब्यातल्या पेलेट घेऊन क्रोनोग्राफवर पाहिले. रात्रभर ठेवलेल्या रायफलीचा पहिला शॉट १८१ मीटर प्रति सेकंद, दुसरा १७५, तिसरा १७२. त्यानंतर सलग झाडलेले वीस शॉट १६९ ते १७२ च्या आत. दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा पहिला शॉट १७८. म्हणजे रायफल चालू असली की शहाणी आणि थांबली की चढते. रेग्युलेटरच्या बैठकीवर, म्हणजे त्याची झडप टेकते त्या जागी, कचरा किंवा खाच असली, की बंद स्थितीतही तिथून हवा झिरपत राहते आणि पुढच्या कोठीतला दाब हळूहळू वाढतो. त्याचा फटका नेमका थांबून झाडलेल्या शॉटला बसतो.

‘दहा मीटरवर त्याने काय फरक पडतो’ असे आपल्या प्रतिनिधीने विचारले होते. हिशेब सोपा आहे. १७१ च्या वेगाने पेलेटला दहा मीटर जायला सुमारे ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती १६.८ मिलिमीटर खाली येते. १८१ ला हीच घट १५ मिलिमीटर होते. हवेचा रोध सोडून दिला तरी शॉट १.८ मिलिमीटर वर लागला. या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि दशांश गुणांत प्रत्येक ०.१ साठी मध्यापासून पाव मिलिमीटर मिळते. म्हणजे १०.९ चा शॉट, नेमबाजाची काहीही चूक नसताना, १०.२ होतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. त्या पातळीवर निकाल अशाच दशांशांवर लागतात.

‘फक्त १०,००० शॉट’ या दाव्याबद्दल थोडे. एअर रायफलीला शॉट मोजणारे मीटर नसते, त्यामुळे हा आकडा आपल्याकडे आला कुठून, हे लेखी कळवावे. रोज शंभर शॉट मारणारे मूल दहा हजार शॉट शंभर दिवसांत संपवते. ही रायफल २०१३ च्या सुमाराची आहे. आकडा खरा असेल, तर ती अकरा-बारा वर्षे बहुतेक पेटीत पडून होती, आणि ही जमेची बाजू नाही. शिशाच्या पेलेटने मॅच नळी सहजासहजी झिजत नाही. रबर आणि पॉलियुरेथेनच्या रिंगा मात्र वयाने कडक होतात, रायफल झाडा वा न झाडा. त्यातून आपल्याकडचा पावसाळा : सुकवणारा फिल्टर नसलेल्या हातपंपाने भरले की हवेबरोबर पाणीही आत जाते. सिलिंडरची हवा पांढऱ्या फडक्यावर सावकाश सोडली, तेव्हा ओलसर डाग आणि पांढरट भुकटी आली. आतून ॲल्युमिनियमला गंज धरल्याची ती खूण आहे. हीच भुकटी रेग्युलेटरच्या बैठकीवर जाऊन बसली असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून नुसती बैठक बदलून हा सिलिंडर पुन्हा लावला, तर दोन महिन्यांत तीच तक्रार परत येईल.

ट्रिगरचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, म्हणून वेगळा लिहितो. रिकामी रायफल कॉक करून (झाडायला सज्ज करून) बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, रबरी चटईवर हलकेच दहा वेळा आपटली. दोनदा ट्रिगरला हात न लावता ती सुटली. दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू इतका आत फिरवला आहे की सिअरची, म्हणजे ट्रिगर दाबेपर्यंत रायफल अडवून धरणाऱ्या खटक्याची, पकड नावालाच उरली आहे. स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ताजे ओरखडे आहेत आणि कारखान्याचे लॉकिंग द्रव्य खरवडलेले आहे. एअर रायफलीत ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादा नाही, म्हणून ग्राहकाला ‘लोण्यासारखा ट्रिगर’ दाखवायला हा उपाय सोपा पडतो. पण धक्क्याने सुटणारा ट्रिगर रेंजवर शेजारच्या लेनमधल्या माणसासाठी धोका आहे. पुस्तिकेप्रमाणे तो पुन्हा बसवता येतो, त्याला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास विकण्यापूर्वीचा होता.

पीप साइटमध्ये (ज्याच्या भोकातून नेम धरतात त्या भागात) खेळ आहे. वीस क्लिक उजवीकडे आणि वीस क्लिक परत फिरवल्यावर ग्रुप (शॉटचा पुंजका) मूळ जागी यायला हवा. तो दीड मिलिमीटर बाजूला राहिला. खोक्यातल्या कारखान्याच्या टेस्ट कार्डावरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नाही. कार्ड कोणत्या रायफलीचे आहे, आणि साइट व सिलिंडर तरी याच रायफलीचे आहेत का, याचा खुलासा करावा. पिशवी आणि वजनाच्या पट्ट्या आल्याच नाहीत, पण त्यावर मी भांडत नाही.

आता आपल्या बाजूचे जे आहे, तेही सांगतो. नळी उत्तम आहे. तोंडाची कडा भिंगाखाली स्वच्छ दिसते, कापसाचा बोळा फिरवला तर एकही तंतू अडकत नाही. रायफल शिकंजात पकडून, चार-पाच शॉट वाया घालवून वेग स्थिर केल्यावर दहा शॉटचे भोक बाहेरून बाहेर ७ मिलिमीटर आले. या वयाच्या रायफलीला ते चांगलेच आहे. ब्रीचच्या (पेलेट भरायच्या जागेच्या) रिंगेपाशी टिश्यूची पट्टी धरून झाडले तर पट्टी हलत नाही. चीक पीस (गालाचा टेकू) आणि बट प्लेटच्या पकडी घट्ट आहेत, कुठेही आटा गेलेला नाही. ‘सिलिंडर बाद, रेग्युलेटर उघडावा लागेल, नळी पहिल्या दर्जाची’ असे लिहून हीच रायफल ₹ ९०,००० ला दिली असती, तर मी डोळे झाकून घेतली असती. सौदा ₹ १,४५,००० ला झाला तो सगळे ठीक आहे या शब्दावर.

जुनी रायफल जुनीच असणार, हे मला मान्य आहे. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या या जिल्ह्यात अशी रायफल घेणारा बहुधा सोसायटीचे कर्ज काढलेला बाप असतो. त्याला क्रोनोग्राफ ठाऊक नसतो, तो आपल्या ‘तपासलेली’ या एका शब्दावर पैसे भरतो. साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तेव्हा या व्यवहारात ग्राहकाच्या वतीने रायफल पाहणारा दुसरा कोणी नसतो.

माझ्या मागण्या अशा. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपल्या खर्चाने रायफल परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. ते नको असेल, तर उत्पादनाची तारीख एका वर्षाच्या आतली असलेला, याच मॉडेलचा नवा सिलिंडर द्यावा, रेग्युलेटरची बैठक व सर्व रिंगा निर्मात्याच्या संचातून बदलाव्यात, ट्रिगर पुस्तिकेप्रमाणे बसवावा आणि साइट दुरुस्त करावी किंवा बदलावी. काम झाल्यावर रात्रभर ठेवलेल्या रायफलीचा पहिला शॉट धरून वीस शॉटचे क्रोनोग्राफचे आकडे सही-शिक्क्यानिशी हवेत. पहिला शॉट आणि स्थिर वेग यांत ३ मीटर प्रति सेकंदांपेक्षा जास्त फरक मी स्वीकारणार नाही. पहिला शॉट गाळून दिलेला तक्ता परत पाठवला जाईल. आधीचा सिलिंडर आपल्याकडे आला, की तो हवा सोडून, भोक पाडून भंगारात काढावा. तो पुन्हा दुसऱ्या रायफलीखाली दिसता कामा नये.

आपल्या संकेतस्थळावर आजही याच मजकुराने आणखी रायफली विक्रीला आहेत. त्यांच्या छायाचित्रांत सिलिंडरवरची तारीख एकातही दिसत नाही. प्रत्येक रायफलीसोबत त्या तारखेचा जवळून काढलेला फोटो, चोवीस तासांच्या दाबाची नोंद आणि रायफलीचा क्रमांक द्यायला आजपासून सुरुवात करता येईल.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. तोवर रायफल हवा सोडून, सिलिंडर वेगळा काढून पेटीत ठेवली आहे. आपल्या माणसाने येऊन कधीही पाहावी. येताना क्रोनोग्राफ आणावा.

आपला,
(सही)
ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, जाहिरातीची छापील प्रत, सिलिंडरवरील तारखेचे व टेस्ट कार्डाचे छायाचित्र, क्रोनोग्राफच्या नोंदी, दहा शॉटचे लक्ष्य.