आधी काठच्या पाड्यांना पाणी, मग बोगदा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या नार-पार नद्यांचं पाणी गिरणा नदीत नेणाऱ्या नार-पार-गिरणा नदीजोड योजनेला 2024 साली राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. 7,015 कोटी खर्च, गिरणा खोऱ्यात किती हेक्टर भिजणार, हे सगळं छापून आलं. ज्या सुरगाणा-पेठ भागातून हे पाणी उचलायचं, तिथली माणसं उन्हाळ्यात काय पितात, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही.

आमचं गाव पार नदीच्या काठी. आषाढात पाऊस असा कोसळतो की ओहोळ ओलांडता येत नाही, पोरांची शाळा बुडते. होळी झाली की तीच नदी खडकाखाली जाते. मग बाया पात्रात झिरा उकरतात. वाटी वाटीनं पाणी काढायचं, फडक्यातून गाळायचं, हंडा भरायचा. माझी सून अंधारातच नंबर लावते आणि डोक्यावर दोन हंडे घेऊन कडा चढून येते. रब्बीला पाणी नाही, म्हणून भात-नागली निघाली की अर्धं गाव निफाड-दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला जातं. शेजारच्या पाड्यानं गोण्यांत वाळू भरून वनराई बंधारा घातला, तर तिथे यंदा हरभरा झाला, चार घरं गावातच राहिली. एवढ्याशा अडवलेल्या पाण्यानं हे होतं.

मालेगाव-चाळीसगावच्या शेतकऱ्याशी आमचं भांडण नाही. त्याची तहान खरी आहे. पण धरणं आमच्या खोऱ्यात, बुडणारी भाताची खाचरं आमची आणि पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे, हे आम्हाला मान्य नाही.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात मीही होतो. कसत असलेल्या वनजमिनीचे पट्टे मिळावेत, याबरोबर नदीजोडात आदिवासी गावं बुडू नयेत, हीही आमची मागणी होती. सरकारनं लेखी आश्वासन दिलं होतं. पुढे 2022 साली पारचं पाणी गुजरातेत नेणाऱ्या पार-तापी-नर्मदा जोडाविरुद्ध तिथल्या धरमपूर-डांगचे आमचेच सगेसोयरे रस्त्यावर उतरले, तेव्हा गुजरात सरकारला माघार घ्यावी लागली. नदी तीच, माणसंही तीच. मग आमचं म्हणणं इथे का ऐकलं जात नाही?

आमचा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्र. इथे ग्रामसभेला अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा लागू आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात तर ग्रामसभेची आधी संमती घ्या, असं स्पष्ट लिहिलंय. संमती म्हणजे तालुक्याला बैठक लावून हजेरीच्या वहीवर अंगठे घेणं नव्हे.

कुठल्या गावाची कोणती जमीन बुडणार, त्याचे गट नंबरांसह नकाशे मराठीत ग्रामसभेपुढे ठेवा. प्रत्येक पाड्याचं पिण्याचं आणि एका हंगामाच्या सिंचनाचं पाणी आधी राखून ठेवा, त्यासाठी ओहोळांवर छोटे बंधारे बांधा. ग्रामसभेचा ठराव हाती येईपर्यंत कामाची निविदा काढू नका.

आपला,
पारकाठचा एक कोकणा शेतकरी
ता. सुरगाणा, जि. नाशिक